पाठकोऱ्या कागदाची दुसरी बाजू

कादंबरीकाराची पेटी उघडली की बहुधा एकाच हाताचे अक्षर सापडते. कच्चा खर्डा, त्यावरची खाडाखोड, पक्की प्रत, तपासलेली मुद्रिते. नाटककाराच्या पेटीत मात्र किती हात आहेत ते मोजताना दमछाक होते. संहितेच्या समासात दिग्दर्शकाने काढलेले बाण, प्रकाशयोजनेचे आकडे, कुणा नटाने आपल्या वाक्याखाली ओढलेली तांबडी रेघ, परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का, नाईटचा हिशेब आणि त्याच कागदाच्या पाठीवर तालमीतल्या चहाची बेरीज. हे सगळे एका माणसाच्या नावाने कपाटात जाते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. नाटककाराचे कागद हे नाटकाचे दप्तर असते. ते पुस्तकांच्या यादीप्रमाणे लावले की निम्मे मुके होते. प्रयोगांच्या क्रमाने लावले तरच बोलते. वर्ध्यात हा मुद्दा मांडायला एक निमित्त आहे. १९९७ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात लेखकांची हस्तलिखिते आणि पत्रे जपणारे स्वामी सहजानंद सरस्वती संग्रहालय आहे, आणि त्याच आवारात नाट्यकलेचे शिक्षण चालते, हबीब तनवीरांच्या नावाचे सभागृहही आहे. कागद जपणारे आणि प्रयोग करणारे हाकेच्या अंतरावर आहेत, अशी सोय फार ठिकाणी नसते.

जुन्या नाटक मंडळ्यांत नटाच्या हाती अख्खे नाटक पडत नसे. त्याला मिळे ती ‘नक्कल’, म्हणजे त्याची भाषणे आणि प्रत्येक भाषणाआधीचे समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. अशी एकटी नक्कल वाचायला घेतली तर काही लागत नाही. पण कुठले भाषण गाळले, कुठे पद घातले, हे छापील पुस्तक सांगत नाही ते ती सांगते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर, आणि त्यातली पदे आहेत वि. सी. गुर्जरांची. आता ‘गडकरी’ असे नाव घातलेल्या खोक्यात गुर्जरांच्या पदांचा कागद ठेवायचा की नाही? लेखकाच्या न्यायाने तो परका, नाटकाच्या न्यायाने घरचा. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले बेणारेचे गाजलेले स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे लिहिले गेले. १९६७च्या तालमींशिवाय ते पान समजत नाही. हबीब तनवीर तर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले. त्यांच्या ‘चरणदास चोर’चा छत्तीसगढी नटांच्या उत्स्फूर्त बोलण्यातून घडलेला भाग एवढा मोठा आहे की तिथे लेखणी बऱ्याचदा नटाच्या मागून चालली असे म्हणावे लागते.

म्हणूनच अशा बाडावर काम करणाऱ्याचा पहिला दिवस वाचनाचा नसतो. कपाट जसे आहे तसे त्याचे छायाचित्र घ्यायचे, गठ्ठे ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने त्यांना मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक द्यायचे. शाईचे पेन त्या टेबलावर येऊच द्यायचे नाही. मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडायची. गंजलेली टाचणी ओढली तर कागद घेऊन येते, म्हणून पातळ पट्टी खाली सरकवून ती हलकेच उचलायची. रबरबँड कागदाला चिकटून त्याची काळी खपली झालेली असते. चिकटपट्टीचा तपकिरी डाग दिसला की हात शिवशिवतात, पण ती सोलायची नाही. ते कागद-संवर्धकाचे काम. आणि मुख्य म्हणजे कशाचे कशाशी सख्य आहे ते मोडायचे नाही. दुसऱ्या अंकाच्या खर्ड्यात विजेचे बिल सापडले तर ते ‘घरगुती’ म्हणून वेगळे काढण्याचा मोह होतो. पण खर्ड्यावर तारीख नसेल तर त्या बिलावरची तारीख हाच त्या अंकाच्या काळाचा एकमेव धागा असू शकतो. पाठकोऱ्या कागदाचे तसेच. नाटककार नव्या नाटकाचे टिपण जुन्या नाटकाच्या टाकून दिलेल्या पानामागे करतो, आणि त्या टाकलेल्या पानावर कुठेच न छापलेला प्रवेश असतो. हे वर्ध्यात तरी वेगळे समजावून सांगायला नको. सेवाग्रामात मौनाच्या सोमवारी गांधीजी आलेल्या पत्रांच्या आणि पाकिटांच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत. त्यातली कुठली बाजू फेकून द्यायची हे कोण ठरवणार?

कागदाची जात हाही इथे पुरावाच असतो. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचा उद्योग चालवला. चिंध्यांच्या लगद्याचा तसा कागद चांगला बनवला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नाटककाराच्या नशिबी तो सहसा नसतो. स्पर्धेची तारीख डोक्यावर असताना जो हाती लागेल तो कागद, त्यावर जांभळ्या कार्बनच्या चार प्रती, आणि हौशी संघासाठी सायक्लोस्टाइलचा गठ्ठा. चौथी कार्बन प्रत आधीच फिकट, सायक्लोस्टाइलचा कागद स्वतःच्याच आम्लाने तांबूस होऊन घडीवर तुटणारा. त्यात वर्ध्याचा मे महिना पारा पंचेचाळीसच्या वर नेतो आणि दोन महिन्यांत भिंतींना ओल येते. नुसत्या उष्म्यापेक्षा हा चढउतार कागदाला जास्त मारतो. म्हणून दिवसा चालणारा आणि संध्याकाळी कुलूप लागताना बंद होणारा वातानुकूलक फायद्यापेक्षा तोटाच करतो. जाड भिंतींची मधली खोली, जमिनीपासून वीतभर उंच मांडणी, वाळवीसाठी दर पंधरवड्याला भिंतीवरून फिरणारा हात, कसर दिसताच तो गठ्ठा वेगळा, आणि आम्लरहित खोकी परवडेपर्यंत धुऊन खळ काढलेल्या सुती कापडाचे बासन. रिद्धपूरच्या महानुभावांनी पोथ्या बासनातच राखल्या. विदर्भाला हे शास्त्र परके नाही, विसरलेले आहे एवढेच.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप लेखकाच्या बाजूने येतो. नाटककाराने जे छापायला दिले तोच त्याचा शेवटचा शब्द; समासातली चिटोरी जपून आपण त्याच्या निर्णयाचा अनादर करत नाही का? छापील संहितेचा मान राखायलाच हवा. पण १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ला परिनिरीक्षण मंडळाने काटछाट सांगितली आणि नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, तेव्हा भांडण पुस्तकावरून नव्हते, रंगमंचावर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांवरून होते. त्या भांडणाचे कागद बाजूला ठेवून नुसते पुस्तक वाचणाऱ्याला नाटक किती महागात पडले हे कळणार नाही. दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो मला जास्त सतावतो. नटनटींची पत्रे, उधारीच्या चिठ्ठ्या, रागाच्या भरात लिहिलेले काहीबाही. ज्यांनी ते लिहिले त्यांना कुणी विचारलेले नसते. यावर जाळणे हा उपाय नव्हे. कुटुंबाशी लेखी ठरवून ती पाकिटे ठरावीक वर्षे मोहोरबंद ठेवता येतात, मात्र यादीत त्यांची नोंद हवी, नाहीतर मोहोरबंद आणि गहाळ यांतला फरक राहत नाही. स्कॅन करून मूळ कागद काढून टाका, असे म्हणणारेही भेटतात. स्कॅन जरूर करावे, पण मूळ वाक्यावर चिकटवलेल्या पट्टीखाली काय आहे हे कागद उजेडाकडे धरल्यावरच दिसते, पडद्यावर तो असा धरता येत नाही. आणि हे सगळे मुंबई-पुण्याला का नेऊ नये? तिथे साधने अधिक आहेत हे खरेच. पण समासातल्या एखाद्या वऱ्हाडी शब्दाची तिथल्या यादीत ‘लेखनदोष’ म्हणून नोंद होण्याची भीतीही तितकीच खरी, आणि तो अक्षरकर्ता कोण हे ओळखणारी माणसे अजून इकडेच राहतात.

याची निकड विदर्भाच्या पूर्वेकडे गेल्यावर उमगते. वडसा हे झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. दिवाळी सरली की गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. तिथल्या कित्येक संहिता कधी छापल्या जात नाहीत. वही हंगामागून हंगाम वापरली जाते, प्रवेश वाढतात, विनोद बदलतात, मुखपृष्ठ फाटते आणि लेखकाचे नाव त्याबरोबर जाते. अशी वही उद्या वर्ध्याच्या एखाद्या टेबलावर आली, तर लेखकाच्या नावाने लावलेल्या कपाटात तिला जागाच नाही. प्रयोगांच्या क्रमाने लावलेल्या कपाटात आहे: खोक्यावर आधी नाटकाचे नाव, मग मंडळी, हंगाम, गाव, वहीत ओळखू येणारे निरनिराळे हात, आणि शेवटी लेखकाचा रकाना. तो पेन्सिलीनेच भरायचा, नाव कळेपर्यंत रिकामा ठेवायचा.