तीन वार, तिन्ही हुकले! वेसनॉथ खेळताना नवखा खेळाडू नशिबाला शिव्या घालतो, पण खरं कारण वेगळंच असतं

समोर शेवटच्या घटका मोजणारा एक ऑर्क. तुमच्या भालेवाल्याला तीन वार मिळालेत, प्रत्येक वार लागायचा चान्स ६० टक्के. तीनपैकी एक लागला तरी काम फत्ते. तुम्ही क्लिक करता. पहिला हुकला, दुसरा हुकला, तिसराही हुकला. पुढच्या टर्नला तोच ऑर्क तुमच्या भालेवाल्याला लोळवतो आणि तुम्ही गेम बंद करून टाकता.

'द बॅटल फॉर वेसनॉथ' खेळायला घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. गेम तसा जुना आहे. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये तो पहिल्यांदा आणला, आणि तेव्हापासून जगभरातले हौशी प्रोग्रामर, चित्रकार आणि लेखक मिळून तो वाढवतायत. ओपन सोर्स आहे, कॉम्प्युटरवर पूर्ण फुकट आहे. २०१८ पासून स्टीमवरही मिळतो. एल्फ, बुटके, ऑर्क, ड्रॅगनच्या जातीचे ड्रेक, सांगाडे, असा सगळा फँटसीचा मसाला त्यात आहे. एक टर्न तुमची, एक समोरच्याची. घाई अजिबात नाही.

आता पट बुद्धिबळासारखा आणि फासे सारीपाटासारखे, असा हा गेम आहे. बुद्धिबळात घोड्याने प्यादं मारलं की ते मेलंच. इथे मात्र प्रत्येक वाराला फासा पडतो. म्हणून नवखा माणूस म्हणतो की सगळं नशिबावर आहे. पण मग तेच तेच मुरलेले खेळाडू पुन्हा पुन्हा कसे जिंकतात?

तर त्याचं उत्तर फाशात नाही, फासा कुठे आणि कधी टाकलात यात आहे.

आधी 'कुठे' बघू. नकाशा षटकोनी घरांचा असतो. या घरांना हेक्स म्हणतात. एखाद्यावर वार लागायचा चान्स मारणाऱ्याच्या कौशल्यावर ठरत नाही, मार खाणारा कुठल्या जमिनीवर उभा आहे त्यावर ठरतो. साधा माणूस गवतावर उभा असेल तर त्याला वार लागायचा चान्स ६० टक्के. तोच गावात किंवा किल्ल्यात शिरला की ४० टक्के. बुटका डोंगरावर चढला की फक्त ३० टक्के, आणि सपाटीवर उतरला की थेट ७०. एल्फला जंगल मानवतं, घोड्याला मानवत नाही.

याचा हिशोब करून बघा. गवतावरच्या माणसावर तीन वार झाले, तर तिन्ही हुकायची शक्यता साधारण ६ टक्के. गावातल्या माणसावर हीच शक्यता जवळपास २२ टक्के होते. म्हणजे फक्त एक घर पुढे-मागे उभं राहिल्याने मार न खाता सुटायची शक्यता तिपटीहून जास्त वाढली. यात नशीब कुठे आलं? शिवाय वरच्या प्रसंगातला भालेवाला मेला तो ऑर्कच्या मागे धावत उघड्या मैदानात आला म्हणून. तीन वार हुकल्याचं आपल्या लक्षात राहतं, मैदानात आपणच आलो होतो हे राहत नाही.

आता 'कधी'. वेसनॉथमध्ये दिवस सहा टर्नचा असतो : पहाट, सकाळ, दुपार, सांज आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांचं बहुतेक सैन्य दिवसा २५ टक्के जास्त जोरात मारतं, रात्री २५ टक्के कमी. ऑर्क आणि भुतावळीचं बरोबर उलटं. एल्फ आणि बुटक्यांना दिवस-रात्र सारखीच.

२५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण साधा भालेवाला घ्या, मूळ मार ७, वार ३. आणि ऑर्क ग्रंट घ्या, मूळ मार ९, वार २. सगळे वार लागले असं धरलं तर दुपारी भालेवाला २७ मार देतो आणि ग्रंट १४. रात्री तोच भालेवाला १५ वर येतो आणि ग्रंट २२ वर जातो. तेच दोघं, तेच मैदान, फक्त सूर्य मावळला आणि पारडं फिरलं. म्हणून माणसांचं सैन्य घेतलं असेल तर अंधार पडायच्या आत मागे सरकायचं, गावं आणि टेकड्या धरून बसायचं आणि पहाट झाली की तुटून पडायचं. कॉम्प्युटर या बाबतीत उतावळा आहे, तो वेळ-काळ फारसा न बघता अंगावर येतो. गनिमी कावा शाळेत शिकलेल्या आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको, पण गेममध्ये माघार घ्यायची म्हटलं की सगळ्यांचा इगो आडवा येतो.

पैशाचं गणित सोपं आहे. सैन्य सोन्यावर उभं राहतं आणि सोनं गावांमधून येतं. गाव ताब्यात असेल तर उत्पन्न मिळतं, सैनिकांचा पगार भागतो, आणि जखमी सैनिक तिथे बसला की दर टर्नला ८ हेल्थ भरून येते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन टर्न लढाईच्या नसतात, गावं पळवायच्या असतात. आणि लीडरला किल्ल्याजवळ ठेवा. तो मेला की डाव संपला, आणि नवीन भरतीही त्याच्याशिवाय होत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कळेपर्यंत बरेच डाव जातात. प्रत्येक सैनिक आपल्या भोवतीच्या सहा घरांवर दरारा ठेवतो. शत्रू त्या घरात शिरला की त्याला तिथेच थांबावं लागतं. म्हणजे दोन सैनिकांमध्ये दोन घरं मोकळी सोडली तरी त्यातून कुणी एका टर्नमध्ये आरपार जाऊ शकत नाही. कमी माणसांत लांब फळी धरता येते. फक्त लेव्हल शून्यच्या युनिटला हा दरारा नसतो, आणि स्कर्मिशर प्रकारातली युनिट तो जुमानत नाहीत.

आता येऊ या गेमच्या खऱ्या गमतीकडे. ती म्हणजे विचित्र युनिट. नवखे इथेच भुलतात.

घोडेस्वार घ्या. त्याच्याकडे 'चार्ज' आहे, हल्ला करताना त्याचा मार दुप्पट होतो. हे वाचून लोक चार-पाच घोडेस्वार भरती करतात. पुढची ओळ वाचत नाहीत : समोरच्याचा मारही दुप्पट होतो. त्यात घोड्याला भोसकणारी हत्यारं २० टक्के जास्त लागतात, आणि भालेवाला तर कुणीही हल्ला केला तरी पहिला वार स्वतः करतो. भर दुपारी घोडेस्वार भालेवाल्यावर चालून गेला तर त्याला एकेक घाव २१ चा बसतो. त्याची हेल्थ असते ३८ च्या आसपास. दोन घावांत खेळ खलास.

मग हा घोडेस्वार कशासाठी? डार्क अॅडेप्टसाठी. हा भुतावळीच्या बाजूचा शिकाऊ मांत्रिक. त्याची जादू समोरचा कुठेही लपला तरी ७० टक्के लागते, पण जवळून मारायला त्याच्याकडे काहीही नाही. सुरासुद्धा नाही! मार दुप्पट होणार कुणाचा? शून्याची दुप्पट शून्यच. दिवसा घोडेस्वाराचे दोन्ही वार लागले की २८ हेल्थचा अॅडेप्ट संपला, आणि घोड्याला ओरखडाही नाही.

बुटक्यांचा उल्फसर्कर हा याच जातीतला, पण त्याहून टोकाचा. तो भिडला की एक फेरी लढून थांबत नाही. दोघांपैकी एक मरेपर्यंत किंवा ३० फेऱ्या होईपर्यंत झुंज चालूच. अॅडेप्टवर सोडला तर निकाल जवळपास ठरलेला. ग्रंटसारख्या तगड्या गड्यावर सोडला तर बहुतेकदा उल्फच मरतो. आणि तो दुरून काहीच मारू शकत नाही, त्यामुळे शहाणा शत्रू त्याच्या जवळ न जाता त्याला बाणांनीच टिपतो.

वोस म्हणजे चालतं झाड. जंगलात उभा राहिला की शेजारी येईपर्यंत शत्रूला दिसत नाही, आणि जखमा आपोआप भरतात. भाले त्याला फारसे लागत नाहीत, सांगाड्यांना तर तो ठेचून काढतो. पण आगीचा मार त्याला दीडपट बसतो. समोर आग ओकणारे ड्रेक असताना वोस भरती करणं म्हणजे स्वतःच सरपण विकत घेणं.

सांगाड्यांची गंमत उलटी. भाल्याचा ७ चा वार त्यांच्यावर जेमतेम ३ होतो, कारण हाडांत भाला अडकणार कुठे! तिथे गदा नाहीतर जादूगाराची आग लागते. नवखा मात्र भालेवाल्यांची रांग लावून 'लागतच नाही' म्हणून वैतागतो. वार लागतोय, हत्यार चुकलंय.

घूलचा मार अगदी हलका, पण तो विष देतो. विष दर टर्नला ८ हेल्थ खातं. जीव घेत नाही, १ वर आणून सोडतं. विषबाधा झालेला सैनिक गावात गेला की पहिली टर्न फक्त विष उतरण्यात जाते. म्हणजे एक घूल शत्रूचे दोन-तीन गडी आघाडीवरून मागे पाठवतो. त्याचं काम तेवढंच, आणि ते तो चोख करतो. फक्त भुतावळीला विष लागत नाही, तिथे घूल बेकार.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाह्यात म्हणजे चालतं प्रेत. ८ सोन्यात मिळतं, लेव्हल शून्य, पगार नाही. ते ज्याला मारतं तो तिथल्या तिथे प्रेत बनून तुमच्या बाजूला येतो. जलमानव मारला तर पोहणारं प्रेत, ग्रिफनस्वार मारला तर उडणारं! फक्त बळी गावात उभा असेल तर हे होत नाही. दरारा नसल्यामुळे प्रेतांची फळी मात्र खांद्याला खांदा लावूनच उभी करावी लागते.

हे सगळं एका डावापुरतं झालं. मोहिमेत म्हणजे कॅम्पेनमध्ये हिशोब जास्त कडक होतो. तिथे एका लढाईत वाचलेले सैनिक पुढच्या लढाईत परत बोलावता येतात, साधारण २० सोनं देऊन. त्यांचा अनुभव टिकतो, ते लेव्हल वाढवतात. मेलेला मात्र कायमचा गेला. पाच लढाया सोबत काढलेला जादूगार एका घाईच्या क्लिकमध्ये जातो तेव्हा खरंच वाईट वाटतं. प्रत्येक टर्नला आपोआप सेव्ह होतं, त्यामुळे मागे जाऊन तोच वार पुन्हा मारता येतो. बरेच जण तसंच खेळतात. पण त्यात जादूगार वाचला तरी तो चुकीच्या घरात उभा होता हे काही कळत नाही.

त्यापेक्षा हल्ला करण्याआधी उघडणाऱ्या खिडकीत नुकसानीचा अंदाज दाखवणारं बटण असतं, ते दाबा. आपला गडी मरायची शक्यता किती, समोरचा मरायची किती, सगळं टक्क्यांत समोर येतं. आणि शेवटचा वार शक्यतो नव्या, कच्च्या सैनिकाला द्या. मारणाऱ्याला शत्रूच्या लेव्हलच्या आठपट अनुभव मिळतो, नुसतं लढणाऱ्याला फक्त लेव्हलइतका. लेव्हल वाढली की हेल्थही पूर्ण भरते, त्यामुळे मरायला टेकलेला गडीही त्याच क्षणी ठणठणीत होतो.

सुरुवात कुठून करायची? आधी ट्युटोरियल, त्यानंतर 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' ही चार लढायांची छोटी मोहीम. ती जमली की 'द साउथ गार्ड'. तिथे घोडेस्वारही हाताशी येतात आणि सांगाडेही समोर येतात. कुणाला कुणावर सोडायचं ते आता माहीत आहेच.