पर्यटक नेमका कशासाठी येतो?

माणसाला एखाद्या ठिकाणी ओढून आणणारी गोष्ट आणि तो आल्यावर त्याची सोय करणारी गोष्ट, या दोहोंची पर्यटनाच्या चर्चेत नेहमी गल्लत होते. रस्ता, हॉटेल, वाहनतळ, खानावळ ही सोय आहे. ती नसेल तर पर्यटक मुक्काम न करता परत फिरतो, पण केवळ ती आहे म्हणून कोणी घरून निघत नाही. निघण्याचे कारण वेगळे असते. पर्यटनाच्या अभ्यासात त्याला आकर्षण म्हणतात.

हा फरक रायगड जिल्ह्यातील दिवेआगरने फार कठोरपणे अनुभवला. १९९७ मध्ये तिथल्या एका सुपारीच्या वाडीत जमिनीखाली गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. दर्शनासाठी लोक येऊ लागले, घराघरांत जेवणाची आणि राहण्याची सोय झाली, समुद्रकिनाराही नावारूपाला आला. २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, मुखवटा गेला आणि गर्दी ओसरली. समुद्र तोच होता, वाड्या त्याच होत्या, खोल्याही तयार होत्या. येण्याचे निमित्त मात्र उरले नव्हते. २०२१ मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची स्थापना झाली, ती श्रद्धेइतकीच गावाच्या चरितार्थाचीही गरज होती.

आकर्षण एकट्याने काम करत नाही. समाजशास्त्रज्ञ ग्रॅहॅम डॅन यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी पडतो. माणूस प्रवासाला निघतो तेव्हा एक जोर घरातून बाहेर ढकलणारा असतो आणि दुसरा ठिकाणाकडे ओढणारा. कामाचा शीण, एकटेपणा, मुलांची सुट्टी, नवस, नव्याची उत्सुकता हे ढकलणारे जोर. डोंगर, लेणी, देऊळ, उत्सव हे ओढणारे. एकाच महाबळेश्वरला कोणी उन्हाळ्याला कंटाळून जातो, कोणी लग्नानंतर, तर कोणी कृष्णेच्या उगमाचे दर्शन घ्यायला. ठिकाण एक असले तरी त्या तिघांचे आकर्षण एक नसते.

ओढणाऱ्या गोष्टींची अनेक वर्गीकरणे झाली आहेत. त्यांतले इंग्लंडचे अभ्यासक जॉन स्वारब्रुक यांचे वर्गीकरण सर्वांत सुटसुटीत आहे. त्यांनी चार वर्ग केले: निसर्गाने घडवलेली आकर्षणे, माणसाने दुसऱ्याच हेतूने बांधलेली पण आज पर्यटक पाहायला येतात अशी, खास पर्यटकांसाठीच उभारलेली, आणि चौथा वर्ग उत्सव-सोहळ्यांचा. महाराष्ट्रात या चारही वर्गांची ठळक उदाहरणे आहेत, म्हणून हा विषय इथे चांगला उलगडतो.

निसर्गाच्या वर्गात दोन तऱ्हा दिसतात. काही ठिकाणे बारमाही असतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि ते कोणत्याही महिन्यात गेले तरी पाहता येते. काही ठिकाणे मात्र मोजक्या आठवड्यांपुरतीच आकर्षण ठरतात. साताऱ्याजवळचे कास पठार त्यातले. जांभ्या दगडाचा हा सडा वर्षातला बराच काळ उघडाबोडका असतो. दगडावर मातीचा थर अगदी पातळ, त्यामुळे मोठी झाडे तिथे रुजत नाहीत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच पातळ मातीत तेरडा, गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा वनस्पती एकापाठोपाठ एक फुलतात आणि पठाराचा रंग काही दिवसांच्या अंतराने बदलत जातो. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आहेत. जमिनीतून पुरेसे पोषण मिळत नाही, ते त्या कीटकांतून मिळवतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच बहरते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास होते, आणि त्यानंतर गर्दी एवढी वाढली की ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

वन्यजीव पाहण्याच्या पर्यटनात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे अनिश्चितता. ताडोबाच्या प्रवेशद्वारावर सफारीहून परतणाऱ्या जिप्सीला पहिला प्रश्न असतो, ‘सायटिंग झाली का?’ वाघ दिसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. चितळाची हाक, वानराचा इशारा, वाटेवरचा ताजा ठसा यांवरून गाइड माग काढतो आणि त्या वाट पाहण्यातच निम्मा आनंद असतो. हे गाइड बहुतेक आसपासच्या गावांतले असतात. जंगल वाचण्याची त्यांची नजर हाही तिथल्या आकर्षणाचा भाग आहे. माहितीफलकांवर याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

दुसरा वर्ग सर्वांत समृद्ध आहे. लेणी, किल्ले, देवळे, वाडे, घाट यांतले काहीही पर्यटकांसाठी बांधलेले नव्हते. अजिंठ्याच्या तीस लेण्यांत बौद्ध भिक्षू राहत आणि उपासना करत. वेरूळच्या चौतीस लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. त्यातले कैलास मंदिर आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले. १९८३ मध्ये दोन्ही स्थळे जागतिक वारसा यादीत आली. २०२५ मध्ये या यादीत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांची भर पडली. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत.

अशा स्थळाची रचना कशी असावी यावर अमेरिकी नियोजनतज्ज्ञ क्लेअर गन यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात तीन वर्तुळांची कल्पना मांडली. मधोमध गाभा, म्हणजे मूळ आकर्षण. त्याभोवती मोकळा, अस्पर्श राखलेला पट्टा. दुकाने, खाणेपिणे, वाहनतळ हे सारे त्याच्या बाहेर. अजिंठा या कल्पनेचे चांगले उदाहरण आहे. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर, लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबतात. बाजार तिथेच आहे. पुढे ठरावीक बसने दरीत जायचे आणि चढून वर आल्यावर वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली लेण्यांची रांग समोर येते. मधला तो निवांत टप्पा माणसाचे मन तयार करतो. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ही लेणी दिसली. समोरच्या डोंगरावरून आजही जवळपास तेच दृश्य दिसते, कारण मधल्या पट्ट्यात बांधकामांची दाटी झालेली नाही. जिथे दुकानांच्या रांगा थेट महाद्वाराला भिडतात तिथे गाभा शाबूत असूनही पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

याच वर्गात अशीही ठिकाणे येतात जिथे डोळ्यांनी पाहण्यासारखे फार थोडे असते. विशाळगडाच्या वाटेवरची पावनखिंड ही रानातली एक अरुंद घळ आहे. १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांड्यांनी तिथे शत्रूला रोखून धरले, म्हणून ती खिंड पाहण्याजोगी झाली. दरवर्षी आषाढात शेकडो तरुण पन्हाळ्यापासून तिथपर्यंत भर पावसात चालत जातात. घटना पावसाळ्यातली, म्हणून चालायचे तेही पावसातच, हा आग्रह फार बोलका आहे. पानिपतला जाणारे मराठी लोक काळा आंब पाहायला जातात. तिथे मूळ झाड आता नाही, स्मारकस्तंभ आहे. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी कुटुंबे थांबतात, हात जोडतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनल यांच्या मते आकर्षण तीन गोष्टी मिळून होते: पाहणारा, पाहायची जागा आणि त्या जागेविषयीची खूण, म्हणजे फलक, कथा, छायाचित्र, पाठ्यपुस्तकातला धडा. पावनखिंडीत ही तिसरी गोष्टच सर्वांत बलवान आहे. करमाळा तालुक्यात ‘सैराट’ चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या जागा शोधत आलेल्या प्रेक्षकांनीही २०१६ नंतर हेच दाखवून दिले.

तीर्थक्षेत्रांचा विचार वेगळा करावा लागतो. देशांतर्गत प्रवासाचा फार मोठा भाग दर्शनासाठीच होतो. पर्यटनाच्या दृष्टीने त्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे यात्रा. अष्टविनायकांपैकी एखाद्या लहान गावातल्या गणपतीसाठी दूरवरून कोणी क्वचितच आले असते. आठ स्थाने एका क्रमात गुंफली की पुणे, रायगड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली गावे एकमेकांना ग्राहक पुरवू लागतात. आज पर्यटन खाती ज्याला ‘सर्किट’ म्हणतात ती कल्पना भाविकांनी कितीतरी आधी अमलात आणली होती.

खास पर्यटकांसाठी उभारलेल्या आकर्षणांविषयी थोडक्यात सांगता येते. मुंबईजवळ १९८९ मध्ये सुरू झालेले, आता बंद असलेले एस्सेल वर्ल्ड, २०१३ चे खालापूरजवळचे इमॅजिका ही मनोरंजन उद्याने या वर्गातली. इथला आनंद हमखास आणि मोजून दिलेला असतो, म्हणून मुलांच्या सहलींना तो सोयीचा. मात्र हे आकर्षण लवकर जुने होते आणि सतत नवा खेळ आणावा लागतो. पाचगणीजवळच्या भिलारने निराळा मार्ग धरला. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून स्फूर्ती घेऊन २०१७ मध्ये भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घरांतून, देवळांतून, शाळेतून पुस्तके ठेवली गेली. स्ट्रॉबेरीसाठी आलेला माणूस कोणाच्या तरी ओसरीवर तासभर वाचत बसतो. आकर्षण इथेही योजून उभे केले, पण त्यासाठी नवी इमारत न बांधता गावाचाच उपयोग केला.

उत्सवांची ओढ तारखेशी बांधलेली असते. पुण्याचा गणेशोत्सव, पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव, नाशिकचा बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे जाहीर दर्शन: ती वेळ चुकली की पुढची वाट पाहावी लागते, आणि त्यामुळेच लोक कामे बाजूला ठेवून निघतात. पंढरीची वारी या वर्गात घालताना मात्र जपून बोलायला हवे. वारकरी पर्यटक नव्हे, आणि वारी कोणाला दाखवण्यासाठी निघत नाही. वारीच्या वाटेवरच्या दिवे घाटात कॅमेरा लावून उभ्या असलेल्याला सुंदर दृश्य मिळते. दिंडीत काही मुक्काम चालणाऱ्याला मिळते ते दृश्यापलीकडचे असते.

इथूनच पाहण्याकडून अनुभवाकडे वळण येते. जोसेफ पाइन आणि जेम्स गिलमोर या अमेरिकी लेखकांनी १९९९ च्या पुस्तकात असे मांडले की वस्तू आणि सेवा यांच्यापुढचा टप्पा अनुभव विकण्याचा आहे. मराठी पर्यटक ते हुरडा पार्टीवरून सहज ओळखतो. ज्वारीची कणसे शेकोटीत भाजायची, शेतातच खायची, सोबत चटणी, गूळ, दही. हुरडा शहरातही विकत मिळतो, तरी लोक शेतावर जातात. बारामती परिसरात २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाला संघटित रूप आले आणि २०२० मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आखले. शेतकऱ्याला पिकाच्या भावाशिवाय दुसरे उत्पन्न मिळावे हा त्यामागचा हेतू.

अनुभव विकण्यात एक धोका आहे, आणि तोही मॅकॅनल यांनीच १९७३ मध्ये दाखवला. पाहुण्याला ‘खरे’ जीवन पाहायचे असते, आणि यजमान त्याच्यासाठी त्या जीवनाचा प्रयोग लावू लागतो. घरात कोणी वापरत नसलेला फेटा दारात स्वागताला बांधला जातो, सणाचा नाच रोज रात्री जेवणानंतर होतो. या धोक्यातून सुटलेले एक गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तिथल्या वाळूत अंडी घालतात. ही अंडी पूर्वी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरटी जपायला सुरुवात केली. पिल्ले समुद्रात सोडण्याच्या दिवसांत कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांची व्यवस्था गावातल्या घरांतच झाली. इथे कोणताही प्रयोग लावता येत नाही. अंडी किती दिवसांत फुटतील हे वाळूच्या उबेवर ठरते, आणि एखाद्या सकाळी एकही पिल्लू बाहेर येत नाही. पाहुण्याला ते आधीच सांगितले जाते. तरीही लोक येतात, आणि कासव वाचले तरच हंगाम टिकेल हे गावाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

कोणते आकर्षण कशाने झिजते हे त्याच्या प्रकारावर अवलंबून असते, आणि उपायही त्यानुसार निवडावे लागतात. कासची माती पायांनी तुडवली जाते, म्हणून माणसे मोजावी लागतात. अजिंठ्याच्या चित्रांना श्वासाची दमट हवा आणि प्रखर प्रकाश बाधतो, म्हणून फ्लॅशला बंदी आणि नाजूक लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक. फ्रान्सच्या लास्को गुहेत याच कारणाने १९६३ पासून लोकांना प्रवेश नाही. १९८३ पासून पर्यटक तिची प्रतिकृती पाहतात. माथेरानने गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबवल्या आणि तिथली शांतता हेच त्याचे आकर्षण ठरले. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची परिसरात पावसाच्या तोंडावर झाडांवर एकाच लयीत चमकणारे काजवे पाहायला येणाऱ्यांची गर्दी दरवर्षी वाढते आहे. ही चमक म्हणजे नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो. गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या विजेऱ्या त्यात व्यत्यय आणतात, वीण कमी झाली की पुढच्या वर्षीचे काजवेही कमी होतात. म्हणून तिथे वाहने दूर उभी करणे, विजेरी बंद ठेवणे आणि रात्री ठरावीक वेळेनंतर जंगलातून बाहेर पडणे हे नियम काटेकोर पाळले जायला हवेत.