आषाढातला उजेड

गेल्या आषाढात आमच्या गटातल्या चौघींच्या सौर बॅटऱ्या बसल्या. दोघींना गटातून कर्ज काढून नव्या घ्याव्या लागल्या. आम्ही पावसाला बोल लावला, पण चूक आमचीच होती. उन्हाळ्यात लागलेली सवय आम्ही पावसात तशीच चालू ठेवली.

हिशोब साधा आहे. १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४०० वॅट-तास कमावतं. ५० वॅटचा पंखा आठ तास फिरला की ती सगळी कमाई संपली. झडीत तेच पॅनल शंभराच्या आसपास येतं. तेव्हा ९ वॅटचे दोन बल्ब तीन तास आणि एक मोबाईल, बस्स. पंखा बंद, गारवा असतोच की! लेड-ॲसिड बॅटरी वरचेवर अर्ध्याखाली उतरली, तर लवकर मरते. आमचं नेमकं तेच झालं.

वैशाखात ऊन जास्त, म्हणून वीजही जास्त, असं वाटतं. पण पॅनल तापलं की वीज घटते, त्यात धूळ बसते. सकाळी काच गार असतानाच ओल्या फडक्याने पुसा. पाणी घालायच्या बॅटरीतलं पाणीही या दिवसांत लवकर आटतं. डिस्टिल्डच घाला, हापशाचं नको.

दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांबतात. उन्हाळ्यात न अडवणारा शेवगा तेव्हा पॅनलवर सावली टाकतो. फांद्या छाटा. आणि मिक्सर, शिलाई मशीनची मोटर बाराही महिने दुपारीच चालवा, म्हणजे बॅटरी रात्रीसाठी शिल्लक राहते.

यंदा ज्येष्ठ सरायच्या आत चौघींच्या घरी जाऊन आम्ही बॅटऱ्या पाहणार आहोत.