डिझेल ट्रकचे तेल आणि त्याचा काळा रंग

दाल बाजारातील धान्य असो, मोरेना-भिंडकडील मोहरी असो, की बिलौआची गिट्टी असो, ग्वाल्हेरच्या व्यापाराचा मोठा भार डिझेलच्या ट्रकांवरच आहे. आणि ज्या पेढीच्या मालकीचे एक-दोन ट्रक आहेत, तीत एक वाद हमखास उपस्थित होतो. इंजिनातील तेल बदलले जाते, त्याचे बिल मुनीमजी वहीत चढवतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेठजी तेल मोजण्याची पट्टी ओढून पाहतात, तो तेल काजळासारखे काळे! मग मिस्त्रीने जुनेच तेल पुन्हा ओतले, ड्रायव्हरने डबा परस्पर विकला, निदान तेल तरी बनावट होते, असा तर्क निघतो. एवढ्या एका पुराव्यावर वर्षानुवर्षांची माणसे कामावरून दूर झाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा रंगाची ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी हे ठरवण्यापूर्वी तो रंग मुळात येतो कोठून, हे पाहणे अगत्याचे आहे.

पेट्रोलच्या बहुतेक इंजिनांत इंधन व हवा ठिणगी पडण्यापूर्वीच एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे ज्वलन बरेचसे स्वच्छ होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. दट्ट्या वर येताना हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या पंधराव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्या दाबाने हवा पाचशे अंशांहून अधिक तापते, आणि तीत डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे हे तत्त्व यशस्वीपणे चालवून दाखवले, आणि आजही मूळ युक्ती तीच आहे. तिच्यात लाभ मोठा आहे, कारण तेवढ्याच इंधनात काम अधिक होते. परंतु फवाऱ्याला हवेत मिसळण्यास अवधी मिळतो तो सेकंदाच्या काही हजारांश भागांइतकाच. कडेचे इंधन चांगले जळते. गाभ्यापर्यंत पुरेसा प्राणवायू पोचत नाही, आणि तेथील इंधन उष्णतेने तुटून कार्बनचे अतिसूक्ष्म कण मागे राहतात. कंदिलाची वात वाजवीपेक्षा वर केली म्हणजे काच काळी होते, किंवा दिव्याच्या ज्योतीवर ताटली धरून आपल्या घरांतून काजळ धरीत असत. ती काजळी आणि ही काजळी एकाच कुळातील होय.

या काजळीपैकी बराच भाग पुढे सिलिंडरमध्येच जळून जातो व काही भाग धुराबरोबर बाहेर पडतो. उरलेला थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाच्या पातळ थरास चिकटतो, दट्ट्याच्या रिंगा तो खरवडून खाली आणतात, आणि तो तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. रिंगांच्या फटींतून निसटणारा वायूही आपल्यासोबत काजळी नेतो. एकेक कण मिलिमीटरच्या वीस ते पन्नास हजाराव्या हिश्शाइतका असतो. धान्याच्या चाळणीतून पीठ सहज खाली पडावे, तसे हे कण तेलाच्या गाळणीतून आरपार जातात. म्हणून नवी गाळणी बसवली तरी काळेपणा जात नाही, आणि त्याचा दोष गाळणीकडेही नाही.

आता दोनच दिवसांत तेल काळे होते याचा उलगडा साध्या हिशेबाने होतो. इंजिनाचे सर्व जुने तेल कधीच निघत नाही. ते नळ्यांत, तेल थंड करण्याच्या जाळीत आणि भिंतींवर राहून जाते. समजा, एकूण १५ लिटर तेलापैकी १ लिटर जुने राहिले, आणि त्या जुन्या तेलात शेकडा २ भाग काजळी होती. नवे तेल भरून इंजिन सुरू करताच साऱ्या तेलात हजारी सव्वा भागाहून अधिक काजळी पसरली. अंक किरकोळ दिसतो. परंतु काजळीची रंगवण्याची शक्ती विलक्षण असल्याने मधासारखे तेल अपारदर्शक होण्यास तेवढी पुरेशी होते. गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वीच तेल काळवंडले, तर त्यात नवल नाही.

दुसरे कारण तेलाच्या घडणीत आहे, आणि ते आमच्या मते अधिक महत्त्वाचे आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा काजळी व राळ साचून जाम होऊ लागल्या. तेव्हाची साधी तेले दिसण्यास बरी राहत, कारण घाण तेलात न राहता इंजिनाच्या अंगावर बसे. त्या अडचणीतून १९३५ च्या सुमारास मळ काढणारी द्रव्ये घातलेली तेले बाजारात आली, आणि पुढे १९५० नंतर काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगते ठेवणारी द्रव्येही त्यांत मिसळली जाऊ लागली. आजच्या प्रत्येक चांगल्या डिझेल तेलात ही दोन्ही असतात. रिठ्याच्या पाण्यात कपडा धुतला आणि पाणी गढूळ झाले, तर आपण रिठ्यास दोष देत नाही. चालत्या डिझेल इंजिनातील तेल महिनोन्‌महिने सोनेरीच राहिले, तर शंका घ्यावी ती तेथे.

याचा अर्थ काळे तेल सदैव निर्दोष असते, असा मात्र नव्हे. काजळी वाढत वाढत शेकड्यास काही भागांवर गेली की तेल घट्ट होते, तरंगते ठेवणारी द्रव्ये थकतात, कण एकत्र येऊन गुठळ्या धरतात आणि धातू झिजू लागतो. मंडईच्या फाटकाशी तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी, क्षमतेपेक्षा अधिक भार, तुंबलेली हवेची गाळणी, झिजलेली नोझल, या सर्वांनी ती वेळ लवकर येते. गाडी काळा धूर सोडू लागली असेल, तर तेलाआधी या गोष्टी तपासाव्यात.

परंतु खरी मेख अशी की, इंजिनाचा जे नाश करतात त्यांपैकी पुष्कळ शत्रू तेलाला काळे करीतच नाहीत. चंबळच्या बिहडांतील बारीक माती किंवा गिट्टीच्या क्रशरची धूळ फाटक्या नळीतून आत गेली, तर रंगात काडीचाही फरक न पडता रिंगा व सिलिंडर घासून निघतात. तेलातील आम्लनाशक शक्ती संपली, तरी ती डोळ्यांना दिसत नाही. सीएनजीवर चालणारी गाडी याचे उत्तम उदाहरण आहे. तीत काजळी फारच थोडी असल्याने तेल दीर्घकाळ स्वच्छ दिसते. तथापि उष्णतेने ते आतून जुने होतच असते. एकाच पेढीत डिझेलचा ट्रक व सीएनजीची छोटी गाडी असल्यास, पहिल्याचे तेल पाहून ड्रायव्हरवर रागावणे आणि दुसरीचे पाहून निश्चिंत राहणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अन्यायाच्या व तोट्याच्या आहेत.

मग पाहावे तरी काय? तेल दुधाळ वा राखी झाले, तर त्यात पाणी शिरले आहे. पट्टीवरील पातळी न भरता वाढली, तर डिझेल किंवा रेडिएटरचे पाणी आत येत आहे. डिझेल असेल तर वासावरून व पातळपणावरूनही कळते. बोटांच्या चिमटीत कचकच लागली तर धूळ किंवा धातूचा चुरा समजावा. याखेरीज पेढीवर पूर्वी शाई टिपण्यास जो टीपकागद असे, त्याचा येथे छान उपयोग होतो. गरम इंजिनातील तेलाचा एक थेंब त्यावर टाकून काही तास आडवा ठेवावा. डाग मधून कडेपर्यंत सारख्या करड्या रंगाने पसरला, तर तेल अजून काजळी सांभाळीत आहे. मध्यभागी दाट काळा ठिपका राहून भोवती जवळजवळ स्वच्छ कडे उमटले, तर तेलाची शक्ती संपली. ही परीक्षा ढोबळ आहे हे खरे. ज्यांचे ट्रक अधिक आहेत त्यांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवून घट्टपणा, आम्लनाशक शक्ती, काजळी व धातूंचे प्रमाण काढून घेणे फायद्याचे ठरते.

चोरीची शंका असल्यास तिचेही खात्रीचे उपाय आहेत. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडावा, इंजिन गरम असताना जुने तेल पूर्ण निथळू द्यावे, गाळणी त्याच वेळी बदलावी, निघालेले व भरलेले तेल मोजून लिहावे, आणि रिकामा डबा भोक पाडूनच बाहेर द्यावा. बनावट तेलवाल्यांस अखंड डब्याचीच गरज असते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज ६ च्या ट्रकांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. यांचे इंधन अधिक दाबाने व बारीक फवारले जाते, त्यामुळे काजळी मुळात कमी होते. उलट ज्यांत धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडला जातो, त्यांत ती तेलात वाढूही शकते. ज्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, त्यांना कमी राख करणारे, सीके-४ सारख्या दर्जाचे तेल लागते. स्वस्त म्हणून जुन्या ट्रकचे तेल त्यांत ओतल्यास त्याची राख जाळीत साचते, आणि ती जाळी बदलण्याचा खर्च तेलातील बचतीच्या कित्येक पट होतो. तेल किती किलोमीटरला बदलावे, हेही गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे. मात्र धुळीचा रस्ता व उभ्याने चालणारे इंजिन यांसाठी पुस्तिकेत कमी मुदत दिलेली असते, ती पाने सहसा कोणी उघडत नाही.

निघालेले काळे तेल गॅरेजवाले बांधकामाच्या फळ्यांना लावण्यास देतात किंवा नालीत सोडतात. कायद्याने ते घातक टाकाऊ द्रव्य गणले जाते, त्यात जडधातू असतात, आणि ते झिरपले की विहिरीचे पाणी बिघडते. ते पिंपात साठवून प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या पुनःशुद्धी कारखान्यासच विकावे. तेथे त्यातील काजळी व पाणी काढून मूळ तेल पुन्हा मिळवता येते, आणि पिंपाची किंमतही पेढीच्या वहीत जमा होते.