मनी आणि मनीप्लँट

आमच्या मांजरीचे नाव मनी आणि दिवाणखान्यातल्या बाटलीत वाढणाऱ्या वेलाचे नाव मनीप्लँट. दोघी एका घरात नांदायच्या म्हणजे कधी ना कधी खटका उडणारच, असे आमचे हे पहिल्यापासून म्हणत होते. पण ह्यांच्या भाकितांकडे लक्ष द्यायचे नाही, हा आमच्या बारामतीच्या घराचा फार जुना रिवाज आहे.

खटका उडाला तो एका रविवारी भर दुपारी. मनीने वेलाचे एक पान चावले, आणि मग जो काही गोंधळ झाला! तोंडातून लाळेची धार, दोन्ही पंजांनी तोंड बडवणे, कपाटाखाली शिरणे, पुन्हा बाहेर येणे. सासूबाई तर म्हणाल्या, "मांजराला वेड लागलं गं!" मी तिला टोपलीत कोंबून डॉक्टरांकडे धावले. त्यांनी शांतपणे विचारले, "अळू नीट शिजलं नाही तर तुमच्या घशाला काय होतं?" मनीप्लँट अळूच्याच कुळातला. त्याच्या पानात सुईसारखे बारीक, टोकदार स्फटिक असतात, ते जिभेत रुततात. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो ती ह्याच खाजेसाठी. तोंड पाण्याने पुसून काढले, चमचाभर दही चाटवले, आणि संध्याकाळी मनी पुन्हा दुधासाठी पायात घोटाळू लागली.

त्या दिवसापासून मी मांजरे आणि झाडे ह्या विषयातली जाणकार झाले. निदान माझी तशी समजूत झाली.

माझी धाकटी बहीण इंदापूरला असते. तुकोबांची पालखी आमच्या गावाहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते, तोच तिच्या घरचा रस्ता. गेल्या मार्गशीर्षात तिची वास्तुशांत झाली. मेहुण्यांच्या पुण्याच्या एका स्नेह्याने भला मोठा पुष्पगुच्छ आणला होता. त्यात हातभर देठांची, पांढरी-गुलाबी, तोंड वासून फुललेली लिलीची फुले होती. तिने तो फुलदाणीत घालून टेबलावर ठेवला. तिचा बोका सोन्या रात्री त्या टेबलावर चढला. त्याच्या नाकाला आणि छातीच्या केसांना फुलातली तपकिरी पूड लागली होती, हे तिने पाहिले होते. ती हसलीसुद्धा होती.

सकाळी तिचा फोन आला. "ताई, सोन्या रात्री दोनदा ओकला."

"लाळ गळतेय का?"

"नाही."

"तोंड बडवतोय?"

"नाही गं, गप्प बसून आहे नुसता."

"मग काही नाही. थोडं दही चाटव."

दुसऱ्या दिवशी ओकणे थांबले. मी म्हटले, बघ, सांगितले नव्हते? तिसऱ्या दिवशी त्याने अन्नाकडे पाठ फिरवली, लघवी बंद झाली, तोंडाला घाण वास येऊ लागला. तेव्हा तिने डॉक्टर गाठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात फुले कोणती आहेत हा. पण तोवर मूत्रपिंडे गेली होती. चौथ्या दिवशी पहाटे सोन्या गेला. परसातल्या पेरूखाली त्याला पुरला. बहीण मला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच मला अजून बोचते.

पुढे मी विचारून-वाचून जे जमवले, ते आधी कळायला हवे होते. ह्या खऱ्या लिलीचे पान, पाकळी, पराग, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. मांजर चावलेच पाहिजे असे नाही. अंगाला लागलेली पूड ते चाटून स्वच्छ करते आणि तेवढ्याने काम होते. कुत्र्याची मूत्रपिंडे ह्या फुलाने अशी जात नाहीत. पशुवैद्यकांच्या हे ध्यानात आले तेही १९९० च्या दशकात, आणि त्यातले नेमके विष कोणते हे अजून उमगलेले नाही. सर्वांत फसवी गोष्ट ही, की ओकाऱ्या होऊन थांबतात, मांजर बरे झाल्यासारखे दिसते, आणि आत घात चालूच असतो. पहिल्या १८ तासांच्या आत शिरेतून सलाइन सुरू झाले तर जगण्याची आशा मोठी. एकदा लघवी बंद पडली की फार थोडी. म्हणजे मनीने आरडाओरडा केला तिला भय नव्हते, आणि सोन्या गप्प बसला होता तो मरत होता. मी नेमके उलटे वाचले.

आणि आम्ही काही विषारी झाडांच्या बाबतीत अडाणी नाही हो! इंदापूरचा शेतकरी कोवळ्या ज्वारीत बैलाला सोडत नाही. किराळ लागते हे पोरालाही ठाऊक असते. पुणे-सोलापूर रस्त्याच्या मधोमध कण्हेर फुललेली असते, कारण तिला कोणतेही जनावर तोंड लावत नाही. तिचे विष थेट हृदयावर चालते. पिवळी कण्हेर, रुई, कुंडीतली पानफुटी, सगळ्या त्याच जातीच्या वैरिणी. एरंडाची बी, धोत्रा, गौरीच्या सणाला दिसणारी कळलावी ही तर ऐकून माहीत असतात. बंगल्याच्या फाटकाशी शोभेला ठेवलेला सायकस मात्र कोणाला ठाऊक नसतो. तो यकृत खातो, आणि त्याची बी सर्वांत वाईट. कोरफडीने जुलाब होतात, तेवढ्यावर भागते. पण बैलासाठी जी अक्कल आपण राखतो, ती घरातल्या मांजरासाठी कोण वापरतो? मांजराला सगळे कळते म्हणून आपण मोकळे.

नावांचा घोटाळा तर विचारूच नका. हाराला लागणाऱ्या कळ्यांची जुडी फुलवाला 'लिली' म्हणून देतो, ती वेगळी. तिच्याने ओकाऱ्या होतील, मूत्रपिंडे जाणार नाहीत. 'पीस लिली' तर मनीप्लँटची चुलतबहीण. नुसत्या नावावर विसंबून डॉक्टरांना फोन केला तर तेही गोंधळतील. म्हणून आता आमच्याकडे नियम असा: मांजराने काही चावले, की झाडाची डहाळी किंवा फूल पिशवीत घालायचे आणि मांजराबरोबर तेही न्यायचे. अंगाला पूड लागली असेल तर ती ओल्या फडक्याने तेव्हाच पुसायची. मिठाचे पाणी पाजून ओकवायचे नाही, आणि घरातली दुखण्यावरची गोळी तर मुळीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

हौसेला बंदी नाही. गुलाब, अरेका पाम खुशाल ठेवा. निशिगंधाचे देठ लिलीइतकेच ऐटदार, वासाला सरस, आणि मांजराला निर्धोक. मांजराला पाने चावायची भूक असते ती असतेच. ह्या नवरात्रात मनीने सासूबाईंच्या घटातले गव्हाचे कोंब अर्धे खाल्ले. घरात दोन दिवस अबोला होता, पण मनीला साधी शिंकही आली नाही. आता ह्यांनी गॅलरीत पत्र्याच्या डब्यात गहू पेरला आहे, आणि मनीप्लँटची बाटली टांगली आहे छताच्या हुकाला.

इंदापूरला नवे पिल्लू आले आहे. गणपतीत एक पाहुणे गुच्छ घेऊन आले, तेव्हा बहिणीने त्यांना उंबऱ्यातच थांबवले आणि फुले एकेक करून तपासली. पाहुणे जरा दुखावले. फुलांत लिली दोनच निघाल्या, त्या तिने दाराबाहेरच काढून घेतल्या, हात धुतले, आणि मग म्हणाली, "या ना, आत या."