बसून चालवायचे गवतकापणी यंत्र मध्येच का बंद पडते?

यंत्र कोणत्या क्षणी बंद पडते, यावरूनच निम्मे निदान होते. खड्ड्यात आदळताच थांबले, तर आसनाखालचा सुरक्षा स्विच आणि त्याची वायर तपासावी. चालक उठला की पाते थांबावे म्हणून तो असतो. त्याला बगल देऊन वायर थेट जोडणे जिवावर बेतू शकते. काही वेळ चालून आचके देत बंद पडले, तर टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असू शकते. हवा आत न शिरल्याने पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करून यंत्र पुन्हा नीट चालले, की दोष सापडला! नाहीतर फिल्टर आणि कार्बोरेटर पाहावेत. तापल्यावर थांबून निवल्यावरच सुरू होणाऱ्या यंत्रात इग्निशन कॉइलवर संशय घ्यावा. पात्याजवळ हात घालण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढावीच.