कंबरेची कळ आणि पायाचा अंगठा

(नभोवाणीवरील भाषण)

मसाटच्या औद्योगिक वसाहतीत गोण्या उचलण्याचे काम करणारे एक पालक गेल्या पावसाळ्यात मला शाळेत भेटावयास आले. मुलाच्या अभ्यासाविषयी बोलणे झाले, परंतु ते काही केल्या खुर्चीवर बसेनात. उजव्या कुल्ल्यापासून पोटरीतून पावलापर्यंत कळ जाते आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात, असे त्यांनी सांगितले. कोणी म्हणे, महिनाभर फळीवर निजा. कोणी म्हणे, चोळून घ्या. "सर, निजून राहिलो तर खाडा पडतो, आणि कामावर गेलो तर पाय धरतो. मी करू तरी काय?" दोन वर्षांपूर्वी माझीही तीच गत झाली होती हे त्यांना ठाऊक होते. मी डॉक्टर नव्हे. तथापि त्या दुखण्यात जे शिकलो आणि पुढे वाचले, ते आज आपणांस सांगणार आहे.

'शीर दबली' असे आपण सर्रास म्हणतो. शीर म्हणजे खरे पाहता रक्तवाहिनी. येथे दबतो तो मज्जातंतू. कंबरेत पाच मणके असतात, आणि दोन मणक्यांच्या मध्ये एकेक चकती असते. तिलाच लोक गादी म्हणतात. तिचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असून आत मऊ गर असतो. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. तेथून खाली मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा लोंबतो आणि एकेक मूळ मणक्यांमधील फटीतून बाहेर पडते. अशी पाच मुळे एकत्र येऊन शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू बनतो व तो कुल्ल्यातून पायात उतरतो. त्याच्या कळेला आयुर्वेदात गृध्रसी हे नाव आहे. ही कळ खुब्याच्या सांध्याची नसून मज्जातंतूची असू शकते, हे नेपल्सच्या कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये लिहून ठेविले. चकतीचा गर बाहेर येऊन मुळाला भिडतो, हे मात्र १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांच्या लेखामुळे सर्वमान्य झाले.

कंबर दुखते म्हणजे मज्जातंतू दबलाच, असे मात्र समजू नये. भातलावणीत दिवसभर ओणवे राहणाऱ्या आमच्या भागातील स्त्रियांची कंबर धरते, ती बहुतेक वेळा स्नायूंमुळे व सांध्यांमुळे. मज्जातंतूची खूण निराळी. कळ गुडघ्याखाली उतरते, कातडी बधिर होते, एखादी हालचाल दुबळी पडते. पाचव्या मुळाला इजा झाली तर पायाचा अंगठा वर उचलत नाही. त्याच्या खालच्या मुळाला झाली तर चवड्यावर उभे राहता येत नाही. माझे तसेच झाले. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहावयास गेलो, तर डावी टाच उचलेना!

मी तीन आठवडे निजून काढले. कळ थोडी कमी झाली, पण मांडी वाळली, आणि रविवारी मिस्सेत गुडघे टेकल्यावर उठताना बाकाचा आधार लागू लागला. मग एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी मला उठविले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले की, कोणताही व्यायाम गादी 'आत ढकलीत' नाही. बाहेर आलेला गर बहुधा शरीर स्वतःच काही आठवड्यांत वा महिन्यांत शोषून घेते. तोवर मज्जातंतू जपावा आणि मनुष्य हालता ठेवावा, हे भौतिकोपचाराचे काम.

गर मुळाला नुसता दाबीत नाही. त्याच्या स्पर्शाने दाह होतो, मूळ सुजते, आणि त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो. निरोगी मूळ पाय हलविताना आपल्या फटीत काही मिलिमीटर मागेपुढे सरकते. हळूहळू, कळ न वाढविता केलेल्या हालचालींनी हे सरकणे टिकते व रक्त खेळते राहते. जोराने ताण दिला तर उलट अपाय होतो.

कोणती हालचाल कोणाला मानवेल, हे तपासूनच ठरते. १९५६ मध्ये न्यूझीलंडात रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर पालथा निजून राहिला. उठला तेव्हा पायातली कळ गेलेली! त्यातून एक उपयुक्त कसोटी निघाली. व्यायामाने कळ पायातून कंबरेकडे मागे सरकली तर, कंबर थोडी अधिक दुखली तरी, लक्षण चांगले. कळ पायात खाली उतरू लागली तर तो व्यायाम थांबवावा. आमचे पालक खुर्चीवर का बसेनात, याचेही उत्तर आहे. स्वीडनच्या नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीतला दाब सुईने मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा बसण्यात तो अधिक भरला.

यंत्रांच्या शेकावर गरीब माणसाचा पैसा फार जातो, म्हणून सांगतो. दीर्घकाळच्या साध्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये व्यायाम व शिक्षण यांची शिफारस केली. कंबरपट्टे आणि वजने लावून ओढणे यांची केली नाही.

सुधारणेला वेळ लागतो. मज्जातंतूचा संदेश केवळ अडला असेल तर तो काही आठवड्यांत सुरू होतो. तंतूच मेला असेल तर नवा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, गुदद्वाराभोवतीची जागा बधिर झाली, अथवा दोन्ही पाय दुबळे पडू लागले, तर व्यायाम, शेक, चोळणे सारे बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तेथे तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते, आणि उशीर झाला तर गेलेले परत येत नाही.

त्या पालकांना मी तपासणीस पाठविले. अंगठा वर उचलत नव्हताच. मुकादमाने आठ दिवस मोजणीचे काम दिले, नंतर पुन्हा गोण्या. पण तोवर ते गोणी अंगाशी धरून गुडघ्यांत वाकावयास शिकले होते, आणि सकाळ-संध्याकाळ चालत होते. दिवाळीपर्यंत अंगठा उचलू लागला. पावलाची वरची कातडी अद्याप किंचित बधिर आहे. चपलेचा पट्टा तेथे टेकल्याचे कळत नाही, असे ते म्हणतात.